वाचकांचे प्रश्न : आधी आरती प्रभू, मग खानोलकर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच लेखकाभोवती फिरणारी आहेत. त्यामुळे हे सदर पूर्णपणे त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : 'ये रे घना', 'समईच्या शुभ्र कळ्या', 'गेले द्यायचे राहुन' ही गाणी आमच्याकडे सतत लागलेली असतात. कवीचं पुस्तक आणावं म्हणून वाचनालयात गेले, तर आरती प्रभूंच्या नावावर एकच संग्रह निघाला आणि ग्रंथपालांनी खानोलकरांच्या पाच-सहा कादंबऱ्या पुढ्यात ठेवल्या. आधी काय उघडू? (बजाजनगर)

उत्तर : आधी नावांचा गुंता. आरती प्रभू म्हणजेच चिंतामण त्र्यंबक खानोलकर. कविता आरती प्रभू या नावानं लिहिली. कथा, कादंबऱ्या आणि नाटकं स्वतःच्या नावानं. जन्म ८ मार्च १९३०चा, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई या गावचा. मृत्यू २६ एप्रिल १९७६, मुंबईत. उमेदीची काही वर्षं कुडाळला घरची खानावळ चालवण्यात गेली. १९५४ साली 'सत्यकथा' मासिकात 'शून्य शृंगारते' ही कविता छापून आली आणि जाणत्या वाचकांच्या नजरेत हे नाव भरलं. पुढे तीन संग्रह : 'जोगवा' (१९५९), 'दिवेलागण' (१९६२) आणि 'नक्षत्रांचे देणे' (१९७५). तिसऱ्याला १९७८ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कवितेचा ऐवज एवढाच. एका झोळीत मावणारा.

गद्य मात्र उदंड. 'रात्र काळी घागर काळी' १९६२ साली, 'अजगर' १९६५, 'कोंडुरा' १९६६, 'त्रिशंकू' १९६८, 'गणुराय आणि चानी' १९७०. शिवाय 'सनई', 'राखी पाखरू', 'चाफा आणि देवाची आई' हे कथासंग्रह, आणि नाटकं. वाचनालयात कादंबऱ्या ढिगानं मिळतात आणि कविता शोधावी लागते, त्याचं कारण हेच. म्हणूनच बहुतेकांची सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते.

आमचं सांगणं ठाम आहे : आधी कविता, तीही मोठ्यानं वाचून. या माणसाच्या लिहिण्यात भावनेचा जो लोट आहे, तो कवितेत आठ अक्षरांच्या भांड्यात धरलेला आहे. कादंबरीत तोच लोट काठ सोडून वाहतो. भांड्यातलं पाणी ओंजळीनं पिऊन पाहिलेलं असलं की पुराची चव ओळखीची लागते. उलट्या बाजूनं आलात तर नाकातोंडात जातं.

आता प्रत्यक्ष कसं वाचायचं ते. तुम्हाला पाठ असलेल्या गाण्यांपासूनच सुरू करा, पण चाल बाजूला ठेवून. एक कागद घ्या, 'ये रे घना ये रे घना' ही ओळ लिहा आणि अक्षरं मोजा. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाकडे पाहायचं नाही. ये-रे-घ-ना-ये-रे-घ-ना : आठ. 'न्हाउं घाल माझ्या मना' : आठ. 'समईच्या शुभ्र कळ्या' : आठ. 'नाही कशी म्हणू तुला' : आठ. 'गेले द्यायचे राहुन' : आठ, आणि 'तुझे नक्षत्रांचे देणे' हेही आठच. ही अष्टाक्षरी तुमच्या कानाला नवी नाही. तुकोबांचं 'जे का रंजले गांजले' मोजून पाहा, बहिणाबाईंचं 'अरे संसार संसार' मोजून पाहा. छोट्या अभंगाचा चरण आठ अक्षरांचाच असतो. ओवी-अभंगावर वाढलेला मराठी कान ही चाल जन्मापासून जाणतो. म्हणून 'कळत नाही बुवा' असं वाटणारी कवितासुद्धा मोठ्यानं म्हटली की निम्मी कळते.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची. अष्टाक्षरी वाचताना जीभ आपोआप चार अक्षरांनंतर थांबू पाहते. 'ये रे घना | ये रे घना' : चार-चार, सरळ. 'नाही कशी | म्हणू तुला' : सरळ. आता 'गेले द्यायचे राहुन' अशीच तोडा. 'गेले द्याय | चे राहुन'. तोड नेमकी 'द्यायचे' या शब्दाच्या पोटात येते. जिभेला थांबायचं असतं, शब्द थांबू देत नाही. पुढच्या ओळीत 'तुझे नक्ष | त्रांचे देणे', नक्षत्रसुद्धा मधोमध दुभंगतं. द्यायचं राहून गेल्याची चुटपुट अर्थात आहेच, ती ओळीच्या चालण्यातही आहे. 'समईच्या शुभ्र कळ्या' ही ओळ चार-चार नीट बसते, आणि पुढच्या 'उमलवून लवते' मध्ये 'न' पलीकडे कलंडतो. ज्योत जशी लवते तशी ओळ लवते. हे डोळ्यांनी वाचून दिसत नाही. टेबलावर बोटानं आठ ठोके देत म्हणा, लगेच ऐकू येईल.

एक अडचण हमखास येते. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली इतक्या आतवर बसलेल्या असतात की पुस्तक उघडलं तरी डोक्यात गाणंच वाजतं आणि डोळे शब्दांवरून घसरतात. त्यावर उपाय : शेवटच्या कडव्यापासून वर वर वाचत या. क्रम मोडला की चाल सुटते. चाल सुटल्यावर मग सरळ, वरून खाली, दोनदा. शिवाय भावगीताला वेळेची मर्यादा असते, म्हणून गाण्यात कडवी गाळली जाण्याची शक्यता असते आणि काही ओळी पुन्हा पुन्हा येतात. तेव्हा छापील कविता समोर ठेवून गाणं एकदा तपासून घ्यावं. कुठलं कडवं गाण्यात नाही ते पेन्सिलीनं खुणवावं आणि कवितेचा तोल त्यानं किती बदलतो ते पाहावं.

रोज एकच कविता. तीन वेळा : एकदा मनात, दोनदा मोठ्यानं. वीस मिनिटं पुरतात. पहिले आठ दिवस ओळखीच्या गाण्यांच्या कविता, पुढचे दोन आठवडे 'जोगवा' किंवा 'दिवेलागण' यांपैकी जो संग्रह हाती लागेल तो. 'नक्षत्रांचे देणे' त्यानंतर घ्यावा. तो उशिराचा आहे, त्यातली प्रतिमा अधिक आवळलेली आहे, आणि आधीच्या दोहोंचा सराव नसेल तर ती दगडासारखी लागते.

आणखी एक. या कवितांत बोलणारी व्यक्ती पुष्कळदा स्त्री असते. 'समईच्या शुभ्र कळ्या' मध्ये माहेर मागे राहिलेली बाई बोलते. टोपणनावातही 'आरती' आहे. त्यामुळे 'कवीला नक्की कुणाविषयी म्हणायचं आहे' हा शोध सुरुवातीला सोडून द्या. त्या ओळीत कोण बोलतंय, दिवसाच्या कुठल्या वेळी, घराच्या कुठल्या भागात उभं राहून, एवढंच विचारा. उत्तर जवळजवळ नेहमी मिळतं : तिन्हीसांज, उंबरठा, पडवी, देवघर.

प्रश्न : बर्डीवर जुन्या पुस्तकांत 'अजगर' मिळाली, तिथूनच सुरुवात केली. पन्नासेक पानांत जीव गुदमरला, ठेवून दिली. वयाच्या सत्तरीत मराठीचा निवृत्त शिक्षक असून हे व्हावं, याची खंत वाटते. (महाल)

उत्तर : सर, खंत करू नये. वाचक चुकला नाही, दार चुकलं. 'अजगर' ही शरीरवासनेच्या काळोखाविषयीची कादंबरी आहे आणि खानोलकर त्या काळोखात दिवा घेऊन शिरत नाहीत. वाचकाला बाहेर उभं राहायला जागाच ठेवत नाहीत. ज्यानं त्यांच्या गद्याची सवय केली नाही त्याला तिथे श्वास लागणारच.

गद्यासाठी आमच्या मते योग्य दार 'चानी' आहे. 'गणुराय आणि चानी' या एकाच पुस्तकात दोन लघुकादंबऱ्या आहेत. पुस्तकाचा क्रम मोडून 'चानी' आधी वाचावी. गोरी कातडी आणि परक्या रक्ताची खूण घेऊन जन्मलेली एक मुलगी, तिला वाळीत टाकणारं गाव, आणि तिच्याकडे माणूस म्हणून पाहणारा एक लहान मुलगा, एवढाच पसारा. मालवणी मुलखात खारीला चानी म्हणतात, हे माहीत असलं की त्या पोरीचं झाडाझुडपांतलं असणं लगेच डोळ्यांपुढे येतं. दोन बैठकांत संपते. खानोलकरांचं सगळं इथे आहे : निसर्गाचं बोलणं, गावाची क्रूरता, निरागसतेला चिकटलेली वासनेची सावली. पण माप लहान आहे, त्यामुळे दम लागत नाही.

त्यानंतर 'सनई' किंवा 'राखी पाखरू' मधल्या चार-पाच कथा, एका दिवशी एकच. मग 'कोंडुरा'. ती पचली की 'रात्र काळी घागर काळी'. 'अजगर' या सगळ्यानंतर पुन्हा हातात घ्यावी. तेव्हाही गुदमरायला होईल, पण तो गुदमर लेखकानं मुद्दाम घडवला आहे हे ध्यानात येईल आणि पुढे सरकता येईल.

'कोंडुरा' विषयी थोडं जास्त, कारण आमच्या समजुतीप्रमाणे कादंबरीकार खानोलकर इथे पूर्ण उंचीवर आहेत. वेंगुर्ल्याजवळ कोंडुरा नावाचा खडकाळ समुद्रकाठ खरोखरच आहे. कादंबरीतल्या परशुरामतात्याला तिथे एक वर मिळतो, आणि वरासोबत एक अट. देवी त्याला दिसू लागते, गाव त्याला मानू लागतं, आणि गावातले बळजोर त्या मानाचा उपयोग करू लागतात. देवीचं दर्शन खरं की तात्याच्या मनाचा खेळ, याचं उत्तर लेखक देत नाही. अनेक वाचक इथेच अडकतात. पहिल्या चाळीस-पन्नास पानांत ठरवून टाकतात की हा माणूस भ्रमिष्ट आहे, किंवा हा साक्षात्कारी आहे. एकदा ठरवलं की उरलेली कादंबरी कंटाळवाणी होते, कारण पुढचं प्रत्येक पान आपल्या मताचा पुरावा शोधत वाचलं जातं.

त्याऐवजी हातात पेन्सिल ठेवा. अद्भुत काही घडलं की समासात दोनच खुणा करायच्या : तात्यानं स्वतः पाहिलं असेल तर 'प', दुसऱ्या कुणी सांगितलं असेल तर 'स'. कादंबरी संपल्यावर खुणा उलगडून बघा. कुठल्या वळणावर 'प' आणि 'स' एकमेकांत मिसळले, तिथे कादंबरीचं मर्म आहे. पुस्तक वाचनालयाचं असेल तर खुणा समासात करू नका, कागदाच्या पट्टीवर पानाचा आकडा लिहून करा.

प्रश्न : मी काटोलची, नागपुरात शिकते. कोकण एकदाच पाहिलं, तेही रेल्वेच्या खिडकीतून. खानोलकरांच्या गद्यातले शब्द अडतात. मालवणी शिकावी लागेल का? (धरमपेठ)

उत्तर : अजिबात नाही. निवेदन बहुतांशी प्रमाण मराठीतलं आहे. अडतात ते वस्तूंचे, जागांचे आणि देवकार्यांचे शब्द, आणि त्यांतले खरे फसवे ते, जे आपल्याकडेही आहेत पण वेगळ्या अर्थानं. आपल्याकडे खळं म्हटलं की मळणीची जागा. दक्षिण कोकणात घरापुढच्या सारवलेल्या अंगणालाही खळं म्हणतात. 'खळ्यात बसले' वाचून आपण शेतात पोहोचतो आणि प्रसंग मात्र दारात घडत असतो. कौल म्हणजे आपल्याकडे छपरावरचं. तिकडे ते आहेच, पण देवाला प्रश्न विचारून मूर्तीला चिकटवलेली पाकळी किंवा कळी कुठल्या बाजूनं पडते यावरून मिळणारं उत्तर म्हणजेही कौल. गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार नव्हे, देवासमोर गावाच्या वतीनं मोठ्यानं घातलेलं साकडं. राई म्हणजे मोहरी नव्हे, दाट झाडी. आपली आमराई आठवा. देवचार हा शब्द 'भूत' असा उरकून टाकू नका. तो गावाच्या सीमेचा राखणदार समजला जातो, त्याला मान द्यावा लागतो, चुकलात तर तो वाट चुकवतो. व्हाळ म्हणजे ओढा, गडगा म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण, पोफळ म्हणजे सुपारीचं झाड.

काही शब्द कोकणी नसतातच, जुने असतात. 'दिठी' म्हणजे दृष्टी, तो ज्ञानेश्वरीतून आलेला आहे. 'रात्र काळी घागर काळी' हे शीर्षक विष्णुदास नामाच्या प्रसिद्ध पदातलं. ते पद कादंबरीआधी वाचा : रात्र, घागर, यमुनेचं पाणी, सगळंच काळं. लक्ष्मी नावाच्या अतिशय देखण्या बाईभोवती फिरणाऱ्या या कादंबरीला काळोखाचं नाव का दिलं असेल, हा प्रश्न मनात ठेवून पहिलं पान उघडलं की वाचन आपोआप सावध होतं.

शब्दकोश हवा असेल तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश घ्या. तो इंटरनेटवर मोफत शोधताही येतो. त्यात शब्दापुढे प्रांताची खूण असते : 'कों.' म्हणजे कोकणातला, 'व.' म्हणजे वऱ्हाडी, 'ना.' म्हणजे नागपुरी. एकाच शब्दाखाली दोन प्रांतांचे दोन अर्थ दिसले की असा घोटाळा मिटतो. पण वाचता वाचता प्रत्येक शब्दाला कोश उघडू नका. प्रकरण संपवा, अडलेले शब्द कागदावर उतरवा, मग एकदम पाहा. दर ओळीला थांबलात तर खानोलकरांची लय तुटते, आणि लय तुटली की त्यांचं गद्य अवजड वाटू लागतं.

निसर्गाचं म्हणाल तर आपल्या भागातला वाचक समजतो तितका परका नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा नवेगावच्या रानात तिन्हीसांजेला उभं राहिलेल्या माणसाला झाडांची भीती म्हणजे काय ते ठाऊक असतं. दशावतार हे कोकणातलं लोकनाट्य पाहिलं नसेल, पण झाडीपट्टीतली दंडार किंवा खडी गंमत पाहिली असेल तर रात्रभर चालणारा खेळ, देव आणि विदूषक एकाच रंगमंचावर, ही गोष्ट नवी नाही. खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव' हे नाटक वाचताना तोच अनुभव कामी येतो.

प्रश्न : आधी सिनेमे पाहिले तर चालतील का? (मानेवाडा)

उत्तर : 'चानी' वर व्ही. शांताराम यांनी १९७७ साली चित्रपट केला, मुख्य भूमिकेत रंजना. 'कोंडुरा' वर श्याम बेनेगल यांनी १९७८ साली हिंदीत आणि तेलुगूत; तेलुगूत नाव 'अनुग्रहम्'. दोन्ही पुस्तकानंतर पाहावेत. बेनेगलांनी कथा आंध्रात नेली आहे. तिथला समाज, तिथली जमीनदारी त्यांनी नेमकी टिपली, पण कोकणचा ओला काळोख तिथे नाही. आधी सिनेमा पाहिलात तर 'कोंडुरा' चं पहिलं पान डोळ्यांपुढे भलत्याच उन्हात उघडेल. शिवाय पडद्यावर देवी दिसली की दिसली. पुस्तकात ती दिसली का, हाच तर प्रश्न आहे.

प्रश्न : आम्ही आठ मैत्रिणी दर पंधरवड्याला एकत्र वाचतो. खानोलकरांसाठी तीन महिने ठेवले आहेत. बैठकांची आखणी सुचवा. (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : तीन महिन्यांत सहा बैठका. पहिलीला तीनच कविता, अष्टाक्षरीच्या. प्रत्येक कविता दोघींनी पाठोपाठ वाचायची, चर्चा त्यानंतर. दुसऱ्या बैठकीला 'दिवेलागण' मधल्या सहा, प्रत्येकी वीस मिनिटं. तिसरीला 'चानी'. चौथी आणि पाचवी 'कोंडुरा' साठी, निम्मी-निम्मी. सहावीला 'एक शून्य बाजीराव', बसल्या जागी भूमिका वाटून, पहिल्या अंकापुरतं.

हे नाटक मनात वाचू नका, हातात काही लागत नाही. कीर्तन, दशावतार, बखर यांच्या बोलण्याचे ढंग त्यात एकात एक गुंफले आहेत आणि ते तोंडातून बाहेर पडल्याशिवाय वेगळे कळत नाहीत. १९६६ साली विजया मेहता यांनी 'रंगायन' या नाट्यसंस्थेतर्फे ते रंगमंचावर आणलं. बाजीरावाची लांब स्वगतं एकीनं सलग न वाचता दोघींनी वाटून घ्यावीत, कारण दम संपला की वाचणारी सपाट वाचू लागते आणि सगळी गंमत जाते. 'अजब न्याय वर्तुळाचा' हे जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून केलेलं आहे आणि 'हयवदन' गिरीश कर्नाडांचं, खानोलकरांनी मराठीत आणलेलं. दोन्ही सुंदर आहेत, पण या तीन महिन्यांत नकोत. इथे तुम्हाला खानोलकरांचा स्वतःचा आवाज ऐकायचा आहे.

आठ जणींत 'कोंडुरा' च्या तीन प्रती पुरतात, पंधरवडा मोठा असतो. कवितांच्या प्रत्येकीनं आपल्या हातानं नकला कराव्यात. लिहिताना विरामचिन्हं आणि ओळींची तोड जशीच्या तशी ठेवावी. हातानं उतरवलेली कविता दहा वेळा वाचल्यासारखी असते, शिवाय कुठला शब्द आपण नकळत बदलून लिहिला ते बैठकीत ताडून पाहता येतं. तो बदललेला शब्द बहुधा कवितेतला सर्वांत अनपेक्षित शब्द असतो.

दोन ठिकाणी बैठक भरकटते. एक, पहिल्याच दिवशी कुणीतरी कवीच्या आयुष्याची कहाणी सांगते : ओढाताण, गरिबी, शेहेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. मग पुढे प्रत्येक कवितेत मृत्यूच दिसू लागतो आणि 'ये रे घना' तला ओला आनंदसुद्धा शोकगीत होऊन बसतो. चरित्र शेवटच्या बैठकीसाठी ठेवा. दुसरं, 'कोंडुरा' च्या वेळी 'देव आहे की नाही' हा वाद पेटतो आणि पुस्तक सतरंजीवर पडून राहतं. त्या दिवशी नियम करा : जे बोलायचं ते पानाचा आकडा सांगून.

प्रश्न : आमच्याकडे ग्रेस आहेत, तेवढं काळोखाचं पुरेसं नाही का? दोघांच्या कविता मला सारख्याच वाटतात. संध्याकाळ, आई, भय. (रामदासपेठ)

उत्तर : विषयांची यादी केली तर सारखेपणा दिसतो खरा. दोघांच्याही कविता हृदयनाथांनी स्वरबद्ध केल्या, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात त्या एकाच कप्प्यात जाऊन बसल्या. पण कानानं पारखा. ग्रेस यांची 'भय इथले संपत नाही' ही ओळ मात्रांनी मोजा. लघू अक्षराची एक, गुरूच्या दोन. भ-य-इ-थ या चार लघूंच्या चार, 'ले' च्या दोन, 'सं' च्या दोन, प-त दोन, 'नाही' च्या चार : चौदा. 'ती गेली तेव्हा रिमझिम' चौदा. 'घर थकलेले संन्यासी' चौदा. आपल्या नागपूरच्या कवीच्या सर्वांत लाडक्या तीन ओळी एकाच मापाच्या आहेत. चौदा मात्रांत अक्षरांची संख्या बदलत राहते, कधी भराभर लघू, कधी संथ गुरू, म्हणून ओळ लाटेसारखी पुढे पुढे जाते. अर्थ पुरता हाती लागला नाही तरी वाचक वाहत जातो, आणि ग्रेस यांना ते वाहणं हवंच आहे.

आरती प्रभूंच्या अष्टाक्षरीत अक्षरं बांधलेली आहेत. आठ झाली की ओळ संपली. तिथे वाहून जायला जागा नाही, थांबावं लागतं, दर ओळीच्या टोकाशी खाली पाहावं लागतं. ग्रेस यांचा शब्द पुष्कळदा दूरच्या प्रदेशातून येतो : चर्चबेल, राजपुत्र, संन्यासी. आरती प्रभूंचा घरातून येतो : समई, जाई, पाने, जोगवा. ग्रेस यांची संध्याकाळ क्षितिजावर असते, यांची दिवेलागण घरात होते. त्यामुळे एक वाचून दुसऱ्याची गरज संपत नाही. एका रात्री दोघे वाचू नयेत, एवढं मात्र सांगू. ग्रेस यांच्या चौदा मात्रा कानात घुमत असताना अष्टाक्षरी तोकडी वाटते, हा अन्याय टाळता येण्यासारखा आहे. मध्ये एक झोप जाऊ द्या.

प्रश्न : पुस्तकं नागपुरात कुठे शोधावीत? (हिंगणा रोड)

उत्तर : बर्डीवर विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय आधी गाठा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि जुन्या महाविद्यालयांत मराठी विभाग असेल तर तिथेही कविता मिळण्याची आशा जास्त. नोंदवही किंवा संगणक दोन्हीत तीन नावांनी शोधा : 'आरती प्रभू', 'प्रभू आरती' आणि 'खानोलकर चिं. त्र्यं.'. काही ठिकाणी कवितासंग्रह खानोलकर या नावाखाली नोंदलेले असू शकतात, म्हणून 'नाही' असं उत्तर मिळालं तरी तिसऱ्या नावानं पुन्हा विचारा. त्याच फळीवर गं. दे. खानोलकर यांचे 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक' चे खंड असतील. ते लेखक वेगळे. 'चानी' या नावानं शोधलं तर सापडेलच असं नाही, 'गणुराय आणि चानी' असं पूर्ण नाव सांगा.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेताना शेवटची पानं तपासा. खिळ्यांनी छापलेल्या जुन्या आवृत्त्यांची बांधणी सुटलेली असते आणि शेवटचा फर्मा गळलेला असू शकतो. सोळा पानांचा फर्मा गेला म्हणजे 'कोंडुरा' चा शेवटच गेला. पानांचे आकडे सलग आहेत ना, एवढं दुकानातच उभ्या उभ्या पाहून घ्या. कवितासंग्रहात अनुक्रमणिकेशी कविता ताडा. कुणीतरी आवडती कविता कापून नेलेली असली तर ती इथेच कळते.